चाळिशी उलटलेल्या पद्मिनीची सांधेदुखी

ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद उजेडाने पेटायचा. डावीकडे वळायचा इशारा दिला की ब्रेक लाइट त्याच तालात डोळे मिचकावायचा. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या वायरमन चाचांना ही लक्षणं सांगितली. त्यांनी गाडीकडे वळूनही पाहिलं नाही. “बल्ब बदलू नका साहेब,” चहाचा घोट घेत ते म्हणाले, “बॉडी बघा.”

बॉडी म्हणजे गॅरेजच्या भाषेत अर्थ. घरात दिव्यापर्यंत दोन तारा जातात, गाडीत बहुतेक ठिकाणी एकच जाते. बॅटरीचं एक टोक जाड पट्टीने गाडीच्या पत्र्याला बांधलेलं असतं आणि दिव्यातून, वायपरच्या मोटरमधून गेलेला करंट त्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. निम्म्या तारा वाचतात खऱ्या, पण परतीची वाट जागोजागी एखाद्या स्क्रूवर अवलंबून राहते. माझ्या गाडीत मागच्या दिव्याचा तोच स्क्रू गंजला होता. ब्रेकच्या २१ वॉटच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला पत्र्यात उतरता येईना. मग तो त्याच दिव्यातल्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा चढायचा, इंडिकेटरच्या तारेने पुढच्या बल्बपर्यंत जायचा आणि तिथल्या धडक्या अर्थमधून खाली उतरायचा. वाटेतल्या फिलामेंटनी व्होल्टेज आपापसात वाटून घेतलेलं, म्हणून सगळेच मंद. गटार तुंबलं की पाणी शेजाऱ्याच्या मोरीतून वर येतं, तसलाच प्रकार.

स्क्रू घासून बसवला, दोष गेला. पण घासताना जी तार हातात आली तिचं प्लास्टिक वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं तडतडत होतं. पूर्ण वायरिंग बदलायचं आणि स्वतःच बदलायचं, हे त्याच दुपारी ठरलं. पुढचे कितीतरी रविवार त्यात गेले. त्या रविवारांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली: जुन्या गाडीत तार मधोमध क्वचितच मरते. मरतो तो सांधा.

गाडी १९८३ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००डी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. घरच्या घरी वायरिंग शिकायला यापेक्षा सोपी गाडी मिळणं कठीण. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बुरेटर, आणि पेट्रोल पंपसुद्धा इंजिनच्याच ताकदीवर चालणारा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर म्हणावेत असे तेलाचे, तापमानाचे आणि पेट्रोलच्या टाकीतले, बस्स. इंजिन चालू राहायला बॅटरी, चावी, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर एवढीच मंडळी लागतात. बाकी दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ आणि चार्जिंग. आजच्या एखाद्या टू बीएचके फ्लॅटचं वायरिंग याहून गुंतागुंतीचं असतं.

अर्थात हे झालं कारखान्यातून निघालेल्या गाडीबद्दल. डॅशबोर्डखाली डोकं घातलं की वेगळंच दृश्य. चाळीस वर्षांत जितक्या वायरमनांचे हात लागले तितक्या बोली तिथे बोलल्या गेल्या होत्या. कॅसेट प्लेअर कधीच गेलेला, त्याची लाल तार मात्र जिवंत आणि उघडी. छोट्या पंख्यासाठी ओढलेली तार वायपरच्या तारेवर नुसती पिळून बसवलेली. फॉग लॅम्पचं कनेक्शन थेट बॅटरीवरून, फ्यूज नाही. एका जागी काळ्या चिकटपट्टीचं लिंबाएवढं गाठोडं होतं. उलगडलं, तर आत तीन तारा आणि वितळलेल्या चिकटपट्टीचा काळा रबडा.

पण तारांचं आवरण मुळात असं तडकतं कशामुळे? तारांवरचं आवरण पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट रसायन मिसळतात. इंजिनच्या उष्णतेने आणि वर्षांच्या हिशेबाने ते रसायन उडून जातं. मग तार वाकवली की आवरण तडकतं. त्याहून जुन्या, पन्नासच्या दशकातल्या गाड्यांत रबर आणि त्यावर सुती विणकाम असे. ते तर हात लावताच भुकटी होतं. आत तांबं असतं, आणि तांब्याचं काय होतं हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तसं दमट, खारट हवेत तांबं हिरवं-काळं पडतं. आवरणाच्या कडेतून ओल आत शिरते आणि तारेच्या आतून वितभर वर चढते. सांधा कापून नवा करावा, तर आतली तार अजूनही काळीच. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जावं लागतं. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास अधिक. उपायही आज्यांचाच. कल्हई केलेल्या, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेल्या तारा मिळतात. बोटींमध्ये त्याच वापरतात. महाग पडतात, पण किनाऱ्यावरच्या गाडीला मी त्याच सुचवेन.

तार घेताना फसायला होतं. स्वस्त तारांत अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. एक बारीक धागा सुटा करून ब्लेडने खरवडा. वरून चंदेरी आणि आत तांबूस, तर ती कल्हईची अस्सल तार. वरून तांबूस आणि आत चंदेरी, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. घराच्या वायरिंगमधली उरलेली तारही नको. तिचं आवरण पेट्रोल, ऑइल आणि बॉनेटखालची उष्णता सोसण्यासाठी बनवलेलं नसतं.

आयता ‘वायरिंग सेट’ घ्यावा की स्वतः ओढावं, हा पहिला प्रश्न. पद्मिनीचे तयार सेट अजूनही स्पेअर पार्टच्या बाजारात सापडतात. चांगला मिळाला तर महिनाभराचं काम दोन दिवसांत आटपतं. पण माझ्या गाडीत मूळ रचना कुठे उरली होती? शिवाय सेटमधले कपलर कसे दाबले आहेत हे टेपच्या आत दडलेलं असतं, आणि माझी सगळी भांडणं सांध्यांशीच होती. मी तार विकत घेतली.

काम सुरू होतं ते पक्कड हातात घेऊन नव्हे, वही घेऊन. प्रत्येक तार कुठून निघते, कुठे जाते, वाटेत कोणाला भेटते हे काढायचं. प्रत्येक टोकाला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहायचं आणि फोटो काढायचा. ‘लक्षात राहील’ हा या धंद्यातला सर्वांत महाग शब्द आहे. रंगांवर विसंबू नका; दुरुस्त्यांमध्ये रंग कधीच बदललेले असतात. जुन्या अँबॅसडरवाल्यांचं नशीब या बाबतीत बरं. ती मॉरिस ऑक्सफर्डची लेक, म्हणून तिच्यात ब्रिटिश लुकास पद्धतीचे रंग: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. एवढी ओळख झाली की अर्धा नकाशा न काढताच वाचता येतो. माझ्या नव्या वायरिंगसाठी मी हीच पद्धत उचलली. इटालियन गाडीत इंग्रजी रंग, शुद्धतावाद्यांनी क्षमा करावी.

तार काढण्याआधी बॅटरीचं टोक सोडवायचं, आणि आधी पत्र्याला जोडलेलंच. कारण साधं आहे. दुसरं टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर पान्यातूनच शेकडो अँपिअर धावतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण त्या करंटने पाना लाल होतो आणि हातातली अंगठी चामडीसकट तापते. अंगठी, घड्याळ, कडं, सगळं काढून ठेवा. आपल्या गाडीत कोणतं टोक पत्र्याला आहे हेही आधी बघा. पद्मिनीत ऋण टोक असतं, पण साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक पत्र्याला असे. जुन्या विलीज जीप तर ६ व्होल्टच्या. तेवढ्याच उजेडासाठी दुप्पट करंट, म्हणून ताराही जाड.

जुनं वायरिंग कापून फेकू नये. ते अख्खं, झाडाच्या फांदीसारखं बाहेर काढावं आणि प्लायवूडवर पसरून प्रत्येक फाट्याशी खिळे ठोकावेत. त्या खिळ्यांमधून नवी तार ओवायची. कारखान्यातही अशाच खुंट्यांच्या फळीवर हार्नेस बांधतात. फाटा कुठे फुटतो, लांबी किती, हे सगळं फळीच सांगते. टोकांना वितभर तार जास्त ठेवा. कापता येते, वाढवता येत नाही. वाढवायची म्हणजे पुन्हा सांधा.

तारेची जाडी हा अंदाजाचा विषय नाही, तिसरी-चौथीतला भागाकार आहे. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ६० वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, दोन दिवे १०. गुच्छात बांधलेल्या तारेला दर चौरस मिलिमीटरला ५-६ अँपिअरहून जास्त भार द्यायचा नाही, असा माझा सावध हिशेब. म्हणजे हेडलाइटच्या मुख्य तारेला २.५ चौरस मिमी आणि चार्जिंगच्या तारेला ६. पार्किंग आणि मीटरच्या दिव्यांना अर्धा चौरस मिमीही पुरेल, पण इतकी बारीक तार ओढताना तुटते, म्हणून १. सेल्फची केबल मात्र वेगळ्या जातीची, अंगठ्याएवढी. तिथे हा हिशेब लागू नाही.

तार जळू नये एवढ्यापुरतीच जाडी लागते असं मी आधी समजत होतो. खरी गोम पुढे आहे. १.५ चौरस मिमीच्या ५ मीटर तांब्याच्या तारेतून १० अँपिअर गेले की साधारण ०.६ व्होल्ट तारेतच खर्च होतात. त्यात बॅटरीपासून फ्यूज, चावी, स्टिअरिंगजवळचा स्विच, कपलर आणि दिव्याचा होल्डर असे सहा जुनाट सांधे धरले आणि प्रत्येकाने ०.१ व्होल्ट खाल्लं, तर आणखी ०.६. दिव्यापर्यंत पोहोचले १०.८. दहा टक्के कमी, म्हणून उजेडही दहा टक्के कमी? नाही. तापलेल्या फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. घाटात पद्मिनीच्या ‘काजव्यांना’ नावं ठेवणाऱ्यांनी बल्ब बदलण्याआधी मल्टिमीटर लावून पाहावा.

यावरचा उपाय म्हणजे रिले. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून यायचा. रिले हा हुकमाचा ताबेदार. स्विचमधून पाव अँपिअरहून कमी करंट येतो, रिलेच्या आतलं लोहचुंबक जागं होतं आणि बॅटरीकडून दिव्याकडे जाणारा आखूड, जाड रस्ता उघडतो. रिलेवरच्या आकड्यांना घाबरू नका. ते जर्मन मानकाचे आहेत आणि एकदा कळले की जन्मभर पुरतात. ३० म्हणजे बॅटरीकडून, ८७ म्हणजे दिव्याकडे, ८५ आणि ८६ ही चुंबकाच्या वेटोळ्याची दोन टोकं. डिपरला एक, अपरला एक. चाळीस वर्षांच्या त्या नाजूक स्विचचं आयुष्यही वाढतं, आणि तसा नवा स्विच शोधण्याची पायपीट वाचते.

फ्यूजबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे, की तो दिव्याला किंवा रेडिओला वाचवतो. फ्यूज तारेला वाचवतो. म्हणून त्याचा आकडा तारेच्या ऐपतीवर ठरतो आणि त्याची जागा करंटच्या उगमाशी, शक्य तितकी बॅटरीजवळ असते. फ्यूजच्या अलीकडची तार निराधार. जुन्या फियाटमधले फ्यूज चिनी मातीच्या छोट्या कांडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. त्यांच्या पितळी चिमट्यांची पकड सैल होते, गंज चढतो, म्हणजे इथेही दुखणं सांध्याचंच. माझ्या फ्यूजबॉक्समध्ये एका कांडीभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. ती किती वर्षं तिथे होती आणि गाडी कशी पेटली नाही, हे तिचं तीच जाणे. मी आजचे पात्यांचे फ्यूज बसवले: १० लाल, १५ निळा, २० पिवळा. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला वेगळा फ्यूज दिला, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा शाबूत.

आता मुख्य विषय. दोन तारा, किंवा तार आणि तिच्या टोकाचं धातूचं थिंबल, कसे जोडावेत? आपल्याकडचं सहज उत्तर म्हणजे दातांनी आवरण सोला, पीळ द्या, टेप मारा. त्याहून बरा म्हणून डाग देणारे भेटतात. घरातल्या रेडिओला डाग उत्तम. गाडी मात्र सतत थरथरते. वितळलेलं कथील तारेच्या बारीक धाग्यांमधून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं आणि तेवढा भाग कडक कांडी होतो. कांडी जिथे संपते आणि मऊ तार सुरू होते, नेमक्या त्या रेषेवर ती थरथरून तुटते. आवरण शाबूत, आत तार तुटलेली. शोधून दाखवा.

म्हणून थिंबल दाबूनच बसवायचं, योग्य पकडीने. चांगल्या थिंबलला पंखांच्या दोन जोड्या असतात. एक तांब्याला मिठी मारते, दुसरी आवरणाला. दुसरी जोडी वीज वाहत नाही, पण ओढ आणि थरथर तीच सोसते. दाब इतका हवा की तारेचे धागे एकमेकांत दडपून त्यांच्यात हवेला जागाच उरू नये. ओल शिरायला फट नाही, तर हिरवटपणाही नाही. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल वरून तसंच दिसतं आणि सहा महिन्यांत गरम होऊ लागतं. पुरता दाब बसल्याशिवाय उघडतच नाही अशी दातेरी पकड मिळते. या कामात एका हत्यारावर पैसे खर्च करायचे असतील तर ते हे. दाबल्यावर तार जोराने ओढून पाहा. निसटली तर आत्ताच निसटू दे. मी पहिली वीस-पंचवीस थिंबलं नुसती सरावात घालवली.

सांध्याची बेइमानी मोजता येते. सैल सांध्यावर अर्धा व्होल्ट खर्च होत असेल आणि १० अँपिअर वाहत असतील, तर त्या नखाएवढ्या जागी ५ वॉट उष्णता तयार होते. जुन्या गाडीत तपकिरी भाजलेला कपलर दिसतो तो यामुळे. आणि मल्टिमीटरची शिट्टी वाजली म्हणजे जोड चांगला, यावर विश्वास ठेवू नका. शंभर धाग्यांपैकी एक शिल्लक असला तरी शिट्टी वाजते. दिवा चालू ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटरच्या सुया लावा, ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर सांधा पुन्हा करा. अर्थसाठीही हीच परीक्षा: एक सुई बल्बच्या पितळी अंगाला, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकाला.

अर्थच्या प्रत्येक जागी रंग खरवडून उघडा पत्रा, दातेरी वायसर, घट्ट बोल्ट आणि वरून व्हॅसलीन. मागच्या दिव्यांना मी पत्र्यावर न सोडता काळी तार ओढून एकाच बोल्टवर आणलं. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी जोडणारी विणलेली पट्टी वेगळी लागते. ती तुटली तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा भार मिळेल त्या वाटेने परततो, बहुधा चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून. चोकची केबल तापून धूर येतो आणि माणूस कार्बुरेटर उघडून बसतो.

पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट, सायलेन्सरपासून चार बोटं अंतर, आणि बॉनेटखाली चिकटपट्टीऐवजी कापडी टेप किंवा जाळीदार नळी. इतकं सांगून पुढे जातो. एक मात्र राहायला नको: डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवत असाल तर जुना कटआऊट वायरिंगमधून बाद करा आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा तसाच ठेवा. बऱ्याच अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला लागणारा पहिला करंट त्या बल्बमधूनच मिळतो. दोन वॉटचा बल्ब उडाला म्हणून बॅटरी उतरलेली गाडी मी पाहिली आहे.

बॅटरी जोडण्याच्या क्षणी माझे हात थरथरत होते. चाचांनी त्यावर युक्ती सांगितली होती. बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये थेट पट्टी न लावता आधी २१ वॉटचा एक बल्ब जोडायचा. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटतो आणि पावणेदोन अँपिअरच्या पुढे करंट जाऊच देत नाही. धूर नाही, जाळ नाही. सगळं बंद असताना बल्ब विझलेला राहिला की एकेक फ्यूज बसवत जायचं. माझा बल्ब तिसऱ्या फ्यूजला पेटला. हॉर्नची तार स्टिअरिंगच्या खांबाखाली स्क्रूमध्ये चेंगरली होती. अग्निशामक नळकांडं शेजारी होतं, त्याची गरज पडली नाही.

चाचा एका संध्याकाळी पाहायला आले. ब्रेक, इंडिकेटर, डिपर सगळं वाजवून-पेटवून पाहिलं, मग दार उघडून छताच्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो पेटत नव्हता. “दाराचा स्विच गंजलाय,” मी म्हणालो, “बॉडी मिळत नाही त्याला.” त्यांनी मान डोलावली आणि पॉलिश पेपर मागितला. वायरिंगचा नकाशा आता प्लास्टिकमध्ये घालून डिकीच्या झाकणाच्या आतून चिकटवलेला आहे. त्यावर एका जागी पेन्सिलने खोडून नवी रेघ ओढली आहे, कारण पार्किंगची तार मी फळीवर एक दाखवली आणि गाडीत दुसरीकडून नेली.